मागनं कोण बोलायलंय? : रिसीव्हरवर सराउंडचं सेटिंग कोणतं ठेवायचं

जुळेसोलापूरकर | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या बोनसमधनं एक वापरलेला एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांत वाटणारं यंत्र) आणि ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर नि एक सबवूफर असा संच घेतलाय. हॉल चौदा बाय दहा फुटांचा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. टीव्हीच्या दोन बाजूंना उभे स्पीकर, सेंटर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, खर्ज वाजवणारं सबवूफर खिडकीजवळच्या कोपऱ्यात आणि मागचे दोन दिवाणामागच्या भिंतीला ठोकलेत. दुकानातला माणूस आला, वायरी जोडल्या, रिमोटवरचं एक बटण दाबलं, "सगळे वाजायलेत ना? झालं मग," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

सगळे वाजतात, त्यात खोटं नाही. पण आई दिवाणाच्या डाव्या टोकाला बसते आणि मागचा डावा स्पीकर तिच्या कानापासून हातभर. मालिकेतली सून बोलली की आई मान वळवून दाराकडं बघते. काल तर "मागनं कोण बोलायलंय रे?" म्हणत उठली आणि कडी लावलीय का बघून आली.

रिमोटवर मूव्ही, म्युझिक, गेम आणि प्युअर अशी चार बटणं आहेत. एकेकाच्या पोटात पुन्हा पाच-सहा नावं: स्टिरिओ, डायरेक्ट, डॉल्बी सराउंड, न्यूरल एक्स, मल्टी चॅनल स्टिरिओ, रॉक अरीना, जाझ क्लब, मॅट्रिक्स. सगळी दाबून बघितली. जाझ क्लबमध्ये बातम्या लावल्या तर निवेदिका विहिरीत उतरून बोलतेय असं वाटलं. यातलं बरोबर कोणतं? सिनेमाला एक, मालिकेला एक, गाण्याला एक असं कुणी सांगेल का?

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ११:०४

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडंही "सगळे वाजायलेत" याच प्रमाणपत्रावर पैसे घेऊन गेलेत.

स्टिरिओच_बरा | सोमवार, रात्री ११:३०

माणसाला कान दोन. चार स्पीकर विकून टाका, पुढचे दोन ठेवा, प्युअर डायरेक्ट दाबा आणि आईला शांतपणे मालिका बघू द्या. बाकी सगळे कंपन्यांचे नखरे.

ध्वनिमित्र_होटगी_रोड | मंगळवार, सकाळी ७:१५

जुळेसोलापूरकर, मोडचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी मला सांगा, रिसीव्हरमध्ये येतंय काय?

रिमोटवर इन्फो किंवा स्टेटस असं बटण असेल. ते दाबल्यावर पडद्यावर दोन ओळी दिसतील, एक आत येणाऱ्या सिग्नलची आणि एक त्यावर लावलेल्या मोडची. आत येणाऱ्या ओळीत 'पीसीएम' आणि पुढं फक्त डावा-उजवा दिसत असेल, तर तुम्हाला दोनच वाट्या वाढल्यात. सहा माणसांना ते पुरवायचं काम रिसीव्हर स्वतःच्या अंदाजानं करतोय. 'डॉल्बी डिजिटल प्लस' किंवा 'डीटीएस' आणि सगळ्या चॅनलची (म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठीच्या वेगळ्या आवाजाची) अक्षरं दिसली, तर ताट पूर्ण आलंय.

तुमच्या वर्णनावरून त्या माणसानं मल्टी चॅनल स्टिरिओ लावून ठेवलाय. त्यात डावीकडचं जे असेल ते डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही स्पीकरमधून सारखंच निघतं, उजवीकडं तसंच, आणि सेंटरला दोन्हींची मिसळ. बारशाला, गणपतीत, घरभर गाणी वाजवायची असतील तेव्हा तो मोड छान. संवादाला वाईट. सून टीव्हीतही बोलते आणि तुमच्या आईच्या कानामागंही, आणि जवळचा स्पीकर नेहमी जिंकतो. दुकानवाल्यांचा हा लाडका मोड, कारण सगळे स्पीकर वाजतात आणि गिऱ्हाईक खूश होतं.

टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत कोणती केबल लावलीय तेही बघून सांगा. आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउटपुट'पुढं काय लिहिलंय?

जुळेसोलापूरकर | मंगळवार, रात्री ९:२०

साहेब, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. इन्फो दाबलं तर पीसीएम, डावा-उजवा आणि खाली मल्टी चॅनल स्टिरिओ. केबल एचडीएमआय आहे, दोन्ही बाजूंना एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं पाठवणारी) लिहिलेल्या खाचेतच लावलीय. टीव्हीत पीसीएम होतं, ते बदलून पासथ्रू (येईल तसं पुढं पाठवा) केलं.

टीव्हीतल्या अ‍ॅपवर एक सिनेमा लावला आणि रिसीव्हरवर डॉल्बी डिजिटल प्लस उजळलं! पावसाचा सीन होता. पाऊस खरोखर मागनं आला आणि बोलणं पुढनं. आईसुद्धा म्हणाली, "आता बरं वाटायलंय."

पण सेट-टॉप बॉक्सवर मालिका लावली की मागचे दोन्ही पूर्ण गप्प. पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटायलंय. परत मल्टी चॅनल करू का?

ध्वनिमित्र_होटगी_रोड | मंगळवार, रात्री १०:०५

नका करू. मागचे गप्प आहेत कारण त्यांना काही काम दिलेलंच नाही. सेट-टॉप बॉक्सवरची बरीचशी वाहिनी-मालिका मंडळी अजून दोनच चॅनलमध्ये येतात. तिथं डॉल्बी सराउंड निवडा. नाव फसवं आहे. हा काही येणाऱ्या सिग्नलचा प्रकार नाही, दोन चॅनलमधून बाकीचे काढणारी ती एक युक्ती आहे. डाव्या आणि उजव्या दोन्हींत जे अगदी सारखं असतं, ते तो उचलून सेंटरला देतो. संवाद बहुतेक वेळा दोन्हींत सारखाच मिसळलेला असतो, म्हणून बोलणं नीट मधून येतं. दोन्हींत जे वेगवेगळं, पसरलेलं असतं (गर्दी, टाळ्या, पार्श्वसंगीताचा फुलोरा) त्यातलं काही मागं जातं. म्हणून मालिकेत मागून थोडंसंच ऐकू येईल. तेवढंच यायला हवं.

डीटीएसचा न्यूरल एक्स हेच काम जरा जोरकसपणे करतो. मला सिनेमाला चालतो, पण बातम्यांना त्यात मागं थोडी कुजबुज वाटते. दोन्ही लावून बघा, पटेल तो ठेवा.

जुना रिसीव्हर घेणाऱ्या इतरांसाठी: डॉल्बी सराउंड या नावाची ही नवी युक्ती २०१४ मध्ये, घरगुती अ‍ॅटमॉससोबत (डॉल्बीचा डोक्यावरूनही आवाज देणारा प्रकार) आली. त्याआधीच्या यंत्रांत प्रो लॉजिक टू असेल, ते २००० सालचं. तेही याच कामाचं आणि बऱ्यापैकी चांगलं. नाही म्हणून हळहळू नका.

रॉक अरीना आणि जाझ क्लब विसरा. ते खोट्या हॉलचा घुमारा मिसळतात. शहाबादी फरशीच्या खोलीला घुमारा विकत आणायची गरज नाही.

शेंगाचटणी_थोडी_जास्त | मंगळवार, रात्री १०:४०

माझा प्रश्न यातच विचारते, वेगळा धागा नको. आमच्याकडं मुलं साडेनऊला झोपतात, आम्ही दोघं मग सिनेमा लावतो. बोलणं ऐकायला आवाज वाढवायचा, गाडी उडाली की धावत कमी करायचा. दोन तास अंगठा रिमोटवरच. ह्यांनी तर आवाज कमी करायच्या नादात एकदा चॅनलच बदललं.

मी मॅन्युअल वाचून दोन गोष्टी केल्या. सेंटरची पातळी बाकीच्यांपेक्षा ३ डीबीनं (डेसिबल) वाढवली आणि डायनॅमिक व्हॉल्यूम 'मीडियम' केलं. आता स्फोट कुकरच्या शिट्टीएवढाच होतो. हे चूक तर नाही ना? आमचे दीर म्हणतात असं केलं की सिनेमाचा जीव जातो.

ध्वनिमित्र_होटगी_रोड | मंगळवार, रात्री ११:१०

ताई, दिरांना रात्री मुलांना थोपटायला बोलवा.

तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. सिनेमा मोठ्या सभागृहासाठी मिसळलेला असतो. प्रत्येक चॅनलला साधारण ८५ डीबीचा आधार आणि धडाक्याच्या जागी १०५ पर्यंत उसळी, सबवूफरच्या चॅनलला तर ११५. रिसीव्हरवर आवाज ० ला ठेवला तर हेच माप घरात मिळतं, म्हणून आकडे मायनसमध्ये दिसतात. माझा एक मित्र मायनस बघून यंत्र बिघडलंय म्हणून दुकानात घेऊन गेला होता. घरात आपण मायनस पंचवीसच्या आसपास ऐकतो. त्या पातळीला कुजबुज पंख्याखाली बुडते. तेव्हा डायनॅमिक व्हॉल्यूमनं वरचं आणि खालचं अंतर दाबणं हा साधा व्यवहार आहे. फक्त दिवसा मोठ्यानं बघताना ते बंद करत जा.

डायनॅमिक ईक्यू हे याचं जवळपासचं नाव, पण काम वेगळं. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तो हे भरून काढतं आणि सोबत मागचे स्पीकरही वर उचलतं. मागचे अंगावर आल्यासारखे वाटले तर तेवढे २-३ डीबी उतरवा.

धोटा | बुधवार, सकाळी ६:३०

मालक, माझं ऐका. सेंटर खालच्या कप्प्यात आत ढकलून ठेवलंय म्हणालाव ना? तो आवाज आधी कप्प्यातच घुमलालाय, मग तुमच्या गुडघ्याला लागलालाय. आमच्या घरी बी तसंच होतं. बाहेर ओढा, फळीच्या कडेला तोंड आणा. पुढच्या बाजूला खाली पोराचे दोन खोडरबर सारा, म्हणजे तोंड वर कानाकडं होतंय. फुकटात तीन डीबी.

वायरीचं लाल-काळं बी तपासा. माझ्याकडं पुढचा उजवा उलटा जोडलेला होता, आठ महिने कळलंच नाही.

स्टिरिओच_बरा | बुधवार, सकाळी ९:००

लाल-काळ्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत, आणि याची परीक्षा स्टिरिओतच होते बरं का. नुसता स्टिरिओ मोड लावा, एकट्या माणसाचं बोलणं लावा आणि दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध बसा. बोलणं टीव्हीच्या मधल्या बिंदूतून आलं तर जोडणी ठीक. नेमकं कुठून येतंय ते कळेना, डोक्याभोवती पसरल्यासारखं झालं आणि खर्ज पातळ झाला, तर एक स्पीकर उलटा आहे. एकाचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो, दोघं एकमेकांना खातात.

जुळेसोलापूरकर | बुधवार, रात्री ८:४५

मंडळी, पुढचा डावाच उलटा होता. दुकानातल्या माणसानं वायरीच्या ज्या कडेला रेघ असते ती एका टोकाला लाल धरली आणि दुसऱ्या टोकाला काळी. बदललं आणि गाणारी बाई टीव्हीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

खोडरबर पण लावले, भाचीचे, सुवासिक. हॉलमध्ये आता स्ट्रॉबेरीचा वास येतो.

उरलं सबवूफर. तबल्यासकट सगळं 'बुंऽऽम' वाजतं. एकच सूर लोंबकळत राहतो आणि खिडकीची काच थरथरते. सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर 'लार्ज' दिसतात, मागचे नि सेंटर 'स्मॉल'. पुढचे माझ्या छातीएवढे आहेत, म्हणजे लार्ज बरोबरच ना?

ध्वनिमित्र_होटगी_रोड | बुधवार, रात्री ९:५०

हा शब्द ज्यानं ठेवला त्यानं घोळ करून ठेवलाय. लार्ज-स्मॉलचा स्पीकरच्या उंचीशी संबंध नाही. स्मॉल म्हणजे 'याचा खर्ज काढून सबकडं पाठवा', लार्ज म्हणजे 'सगळं यालाच वाजवू द्या'. सगळे स्मॉल करा, छातीएवढे असले तरी. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबकडं जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतो ते कानाला नीट कळत नाही, म्हणून तो एकट्या सबनं वाजवला तरी बिघडत नाही आणि रिसीव्हरवरचा मोठा भार उतरतो. मागचे अगदी मुठीएवढे असतील तर त्यांना १२० लागेल. 'एलएफई प्लस मेन' (एलएफई म्हणजे सिनेमात सबसाठी वेगळा ठेवलेला खर्ज) असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. तोच खर्ज दोन जागी वाजतो आणि बुंऽऽम वाढतं. एलएफईचा लो पास (वरचे सूर गाळणारी चाळणी) १२० वर असू द्या.

आता सबच्या पाठीमागं जा. तिथं फ्रीक्वेन्सीचं गोल बटण असतं. ते पूर्ण वर किंवा 'एलएफई' असेल तिथं. चाळणी रिसीव्हरनं आधीच लावलीय, दोनदा गाळलं की मधला भाग हरवतो. आवाजाचं बटण मात्र निम्म्यावर आणा.

पण तुमचा लोंबकळणारा सूर सेटिंगनं पूर्ण जाणार नाही, तो खोलीचा आहे. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लाट जेमतेम अर्धी मावते ती ४० हर्ट्झची. दहा फुटांच्या बाजूला हेच ५६ ला होतं. या सुरांना खोली स्वतः साथ देते, आणि कोपरा म्हणजे सगळ्या सुरांना एकदम टोचणारी जागा. तिथंच तुमचा सब बसलाय.

उपाय हास्यास्पद आहे पण चालतो. सब उचलून दिवाणावर, तुम्ही जिथं बसता तिथं ठेवा. खर्ज चालतो-थांबतो असं एखादं गाणं लावा. मग स्वतः फरशीवर रांगत भिंतीकडेनं फिरा. जिथं प्रत्येक ठोका सुटा-सुटा आणि सारखा ऐकू येईल तिथं खूण करा. सब त्या खुणेवर.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री १०:०२

पडदे लावून करा. आमच्या समोरच्यांनी मला रांगताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी "काय हरवलं होतं का?" विचारलं.

शेंगाचटणी_थोडी_जास्त | बुधवार, रात्री १०:३०

घुमाऱ्यावरून आठवलं. आमच्या हॉलमध्येही शहाबादी. टाळी वाजवली की 'टण्ण' असं परत यायचं. सोलापुरात राहून चादर नाही वापरायची तर काय. कपाटातल्या जाड चादरी भिंतीला चापूनचोपून लावल्या. काडीचा फरक नाही. मग एक दांडी भिंतीपासून चार बोटं पुढं लावली, चादर दुहेरी करून चुण्या पाडून सोडली आणि स्पीकर नि बैठकीच्या मधल्या फरशीवर जाजम टाकलं. टाळीचा टण्ण गेला, बोलणं स्वच्छ झालं. सासूबाई म्हणतात घराचं दुकान झालं, पण एक चादर त्यांच्या आवडीच्या रंगाची लावल्यावर गप्प बसल्या.

ध्वनिमित्र_होटगी_रोड | बुधवार, रात्री १०:५५

ताई, तुमची चार बोटं हेच त्यातलं मर्म. भिंतीला अगदी चिकटून हवेचे कण हलतच नाहीत, मग कापड अडवणार कशाला? थोडं पुढं आलं की कापड काम करतं. मात्र चादर वरचे सूर खाते, तीक्ष्ण 'स' आणि टण्ण. ४० हर्ट्झच्या लाटेला चादर म्हणजे उघडी खिडकी. त्या लाटेला अडवायला गुंडाळलेली कापसाची गादी कोपऱ्यात उभी केली तरी थोडंच जाणवतं. तिथं रांगणंच खरं.

धोटा | गुरुवार, सकाळी ६:१५

आता माइकचं सांगतो. रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतोय, त्याच्या मोजणीला डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी म्हणतेत, यामाहात वायपाओ. तो लावला की प्रत्येक स्पीकर च्यूंऽप-च्यूंऽप करतोय आणि यंत्र आपणच अंतर, पातळी, उंच-खोल सगळं मोजून घेतंय. पण त्याला शांतता पाहिजे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. सकाळपासनं खटाक-खटाक. चारदा केलं, चारदा 'आजूबाजूला आवाज फार आहे' म्हणून हाकललं. रात्री करावं तर शेजारी च्यूंऽपला भिऊन उठतेत.

मग एक दिवस दुपारी लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. असली शांतता आमच्या गल्लीत मयताला बी नसते बे. मी पळत गेलो, टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही इन्व्हर्टरवर घातलं, पंखा बंद, कूलर तर बंदच, बायकोला म्हणलं वीस मिनिटं भांडं पाडायचं नाही. आठ जागा मोजल्या. शेवटची झाली आणि लाइट आली, माग सुरू. त्या दिवसापासनं हात लावला नाही.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा पाहिजे हां. जुना चौकोनी लाटेवाला असला तर स्पीकर आपणच गुणगुणतोय.

जुळेसोलापूरकर | गुरुवार, सकाळी १०:००

धोटाकाका, दंडवत! आमच्याकडं माग नाहीत, पण समोर बांधकाम चाललंय. माइक दिवाणाच्या पाठीवर ठेवला तर चालेल का?

धोटा | गुरुवार, सकाळी १०:२०

नाही. पाठीवर ठेवलं की पाठीचाच आवाज मोजतंय. कॅमेऱ्याचा स्टँड असला तर त्याच्यावर, कानाच्या उंचीला. पहिली जागा आपली नेहमीची. बाकीच्या आजूबाजूला हात-दीड हातावर, सगळी खोली फिरायची नाही. आईची जागा त्यात धरा.

स्टिरिओच_बरा | गुरुवार, दुपारी १:१५

एक विचारतो, चेष्टा समजा. उन्हाळ्यात इथं पारा बेचाळीसवर जातो. गरम हवेत आवाज जोरात पळतो म्हणे. मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी घेतलेली मापं मे महिन्यात बाद का?

ध्वनिमित्र_होटगी_रोड | गुरुवार, दुपारी २:००

चेष्टेलाही हिशेब आहे. २० अंशाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४२ अंशाला साधारण ३५६. रिसीव्हर अंतर विचारतो ते जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवायला, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानात एकाच वेळी पोचावा. पुढचा तीन मीटरवर आणि मागचा एक मीटरवर धरा. दोन मीटरच्या फरकाला हिवाळ्यात ५.८ मिलिसेकंद थांबवावं लागेल, मेमध्ये ५.६. हा फरक तुमच्या-माझ्या कानाच्या बाहेरचा.

उन्हाळ्याची खरी काळजी वेगळी. रिसीव्हर काचेचं दार असलेल्या कपाटात कोंडू नका, वर वीतभर जागा मोकळी ठेवा आणि त्याच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. एका ओळखीच्यांनी जाळीवर क्रोशाचा रुमाल घातला होता. मे महिन्यात यंत्र रोज दहा मिनिटांनी आपोआप बंद. तीन वेळा दुरुस्तीला नेलं. दुकानात रुमाल नसायचा, त्यामुळं तिथं ते छान चालायचं.

जुळेसोलापूरकर | रविवार, रात्री ९:१०

रिपोर्ट देतो.

रविवार म्हणून बांधकाम बंद होतं. पंखा बंद केला, आईला शेजारी पाठवलं, घामाघूम होऊन आठ जागा मोजल्या. त्याआधी रांगलोही. सब आता टीव्ही युनिट आणि उजव्या स्पीकरच्या मधे, कोपऱ्यापासून अडीच हात. काच थरथरायची थांबली. तबल्यात बोटं वेगळी आणि तळवा वेगळा कळतो, हे मला पहिल्यांदाच समजलं.

मोजणीनंतर यंत्रानं पुढचे परत लार्ज करून ठेवले होते. स्मॉल, ८० केलं. मागचे भिंतीवरनं काढून दिवाणाच्या दोन बाजूंना, बसल्यावर कानाच्या जरा वर आणि किंचित मागं, असे लावले. आईच्या कानापासून आता चार हात लांब आहेत.

एक शंका: सबचं अंतर यंत्रानं ४.९ मीटर दाखवलंय. टेपनं मोजलं तर २.७ भरतंय. दुरुस्त करू?

मोडचं असं ठरवलं. अ‍ॅपवर ५.१ आलं तर जसं येतं तसं. मालिका-बातम्यांना डॉल्बी सराउंड. जुनी गाणी स्टिरिओत (स्टिरिओच_बरा यांना नमस्कार, ती खरंच तिथंच बरी लागतात). पाहुणे आले तर मल्टी चॅनल. आईसाठी रिमोटवर म्युझिकच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ते दाबलं की भजनं दोनच स्पीकरवर.

काल संध्याकाळी शेजारच्या काकू चटणीचा डबा घेऊन दारात उभं राहून दोनदा हाका मारत होत्या. आईनं वळून बघितलंच नाही. मला म्हणाली, "ते मागचं बारकं स्पीकर असंल."

ध्वनिमित्र_होटगी_रोड | रविवार, रात्री ९:३५

सबचं अंतर तसंच राहू द्या, टेप खिशात ठेवा. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो. यंत्र तो उशीर अंतर म्हणून धरतं. २.७ केलंत तर सब मागाहून येईल आणि ८० च्या आसपास पुढच्या स्पीकरांशी त्याची भांडणं लागतील.

क्रॉसओव्हर मोजणीनंतर वर नेला तर चालतो, यंत्रानं ठरवलेल्यापेक्षा खाली आणू नका.

शेंगाचटणी_थोडी_जास्त | रविवार, रात्री १०:००

नेलपॉलिशचा ठिपका उचलतेय. सासूबाईंसाठी हिरवा.

धोटा | सोमवार, सकाळी ६:४०

आमच्या घरी सगळे तेलुगू पिक्चर बघतेत, त्यातलं एक सांगायचं राहिलं. अ‍ॅपवर भाषा निवडताना बघा. कधी मूळ भाषेला ५.१ असतंय आणि डब केलेल्याला नुसता स्टिरिओ. इन्फो बटण दाबलं की कळतंय. आमच्या पोरानं महिनाभर हिंदीत बघून "मागचे बिघडले" म्हणून डोकं खाल्लं होतं.

आणि ह्या आठवड्यात लाइट कधी जाणार आहे कुणाला कळलं तर टाका इथं. नवीन जाजम आणलंय, परत मोजायचंय.